प्रवाळाच्या भिंतींचं वेराक्रूझ

सान हुआन दे उलुआचा किल्ला लांबून साध्या करड्या दगडाचा वाटतो. भिंतीला हात लावला की कळतं, हे प्रवाळ आहे. कुठे मेंदूसारख्या वळ्या, कुठे चाळणीसारखी भोकं. मेक्सिकोच्या आखातातले प्रवाळखडक फोडून स्पॅनिशांनी वेराक्रूझ बंदरासमोर हा किल्ला रचला. तिथले लोक या दगडाला ‘मुकारा’ म्हणतात.

१५१९ च्या एप्रिलमध्ये, गुड फ्रायडेला, स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस याच किनाऱ्याला लागला. त्याने वसवलेल्या शहराने मात्र जागा बदलली आणि १६०० च्या तोंडावर ते पुन्हा इथे आलं, ते या किल्ल्याच्या आडोशासाठी. हिवाळ्यात ‘नोर्ते’ हा उत्तरेचा वारा पिसाळतो, तेव्हा उघड्यावर नांगरलेल्या जहाजाची धडगत नसते. म्हणून किल्ल्याच्या भिंतीतच जाड कड्या ठोकल्या होत्या आणि गलबतं थेट त्यांना बांधत. मेक्सिकोची चांदी इथूनच स्पेनला जाई.

चांदीमागोमाग चाचे आलेच. १६८३ मध्ये लोरेनसिलोच्या टोळीने शहर लुटलं आणि रहिवाशांना चर्चमध्ये कोंडलं.

पुढे १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला, तरी किल्ल्यातली स्पॅनिश शिबंदी हटेना. समोरच्याच शहरावर ती तोफा डागत राहिली. १८२५ मध्ये ती शरण आली, तेव्हा कुठे स्पॅनिश अंमलाचा शेवट झाला. १८३८ मध्ये फ्रेंच, १८४७ आणि १९१४ मध्ये अमेरिकन चालून आले, तेही समुद्रातूनच.

तोफांपेक्षा इथल्या कोठड्या जास्त अस्वस्थ करतात. किल्ल्याचा तुरुंग झाला होता. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले बेनितो हुआरेसही इथे कैदेत होते. छतातून पाणी झिरपतं आणि त्यातल्या चुन्याचे सुळके खाली लोंबतात. अशा ओलीत माणसं डांबली जात, हे तिथे उभं राहिल्यावरच उमगतं.

शहरात परतलं की कॉफी घ्यावी, ती ‘ग्रान काफे दे ला पारोकिया’त. ग्लासात तळाशी कडक काळी कॉफी येते. चमच्याने ग्लास टणटण वाजवला की वाढपी किटली घेऊन हजर होतो आणि उंचावरून गरम दुधाची धार सोडतो. ग्लास फेसाने काठोकाठ भरतो. याला ‘लेचेरो’ म्हणतात.

संध्याकाळी चौकात क्यूबाहून आलेल्या दान्सोन या नाचाचे सूर सुरू होतात. नाचणाऱ्यांत म्हातारी जोडपी बरीच. धून विशिष्ट वळणावर आली की सगळी जोडपी जागीच थांबतात आणि बायका पंख्याने वारा घेतात. मग धून पालटते आणि पंखे मिटून सारी एकाच वेळी पाऊल उचलतात.