चढताना ऊब, उतरताना गारठा!

बालमित्रांनो, थंडीत तोरणमाळला कधी गेला आहात का? नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यातलं, सातपुड्याच्या माथ्यावरचं हे ठिकाण. उंची समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटर. खाली शहाद्याला स्वेटर नकोसा वाटत असतो, तेव्हा वर यशवंत तलावाच्या काठी दात कडाकडा वाजत असतात. उंची १००० मीटरने वाढली की तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं, हा हवेचा हिशेब आहे.

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेची सात मुलं आणि मी एका जुन्या जीपने तोरणमाळला गेलो. जीपला कापडी हूड, बाजूला पडदे आणि पुढे एक छोटा हीटर. सकाळी घाट चढताना हीटरमधून बरी ऊब येत होती. सीताखाई पाहिली, तलावावर हुंदडलो आणि दिवस मावळताना परत निघालो. घाट उतरू लागलो तसा हीटर गार! पंखा फिरतोय, पण हवा थंड. शेवटी सगळे एकमेकांना चिकटून बसलो.

"गुरुजी, सकाळी हीटर चालू होता, मग आत्ताच कसा बिघडला?" एका मुलीने विचारलं. प्रश्न अगदी योग्य होता. पण हीटर बिघडला नव्हताच! बघा बरं, उत्तर सापडतंय का.

गाडीच्या हीटरमध्ये घरातल्या शेगडीसारखं काही पेटत नाही. तो इंजिनाची उसनी उष्णता वापरतो. डिझेल जळून जी ऊर्जा मिळते, तिच्यातला ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाकं फिरवायला लागतो. बाकीची उष्णता होऊन जाते. काही धुरासोबत बाहेर, काही इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात. तेच गरम पाणी एका नळीने हीटरच्या छोट्या जाळीत येतं. जाळीवरून पंखा हवा फुंकतो आणि ती हवा आपल्या पायांशी येते.

आता कोडं उलगडतं. घाट चढताना इंजिन घाम गाळतं, डिझेल जास्त जळतं, पाणी तापतं. उतरताना मात्र गाडी आपल्याच वजनाने खाली येते. इंजिनाला काम थोडं, उष्णताही थोडी. त्यातच समोरची थंड हवा रेडिएटरवर आदळून पाणी आणखी गार करते. मग हीटर तरी काय देणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. घाट उतरून आम्ही एका चहाच्या टपरीशी थांबलो. मुलं कुडकुडत होती. टपरीवाल्या काकांनी मायेने निखाऱ्यांची घमेली पुढे केली. म्हणाले, "गाडीत ठेवा, पडदे सोडा, शहाद्यापर्यंत पोरं उबेत जातील." खरं सांगू? मला ते पटलं होतं. मी घमेलीला हातही घातला. तेवढ्यात आमचे ड्रायव्हरदादा ओरडले, "गुरुजी, निखारा गाडीत नको! बाहेर बसून शेका, मग निघू."

दादांचं बरोबर होतं. बंद जागेत कोळसा धुमसतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं ना? हा वायू त्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, गुंगी येते आणि झोपेतच माणूस दगावू शकतो. मी शिक्षक असून त्या क्षणी विसरलो. दादा विसरले नाहीत. म्हणून पालकांनाही विनंती: बंद गाडीत किंवा दारं लावलेल्या खोलीत शेगडी ठेवू नका. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका. इंजिनाच्या धुरातही हाच वायू असतो.

दुसऱ्या दिवशी दादांनी जीप गॅरेजला नेली आणि खरा दोष कळला. गाडीत थर्मोस्टॅटच नव्हता! थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरची छोटी झडप. तिच्यात मेण असतं. पाणी सुमारे ८० ते ९० अंश सेल्सिअस तापलं की मेण वितळून फुगतं आणि झडप उघडतं. तोवर रेडिएटरची वाट बंद. पाणी इंजिन आणि हीटर यांतच फिरतं आणि लवकर तापतं. आपल्याकडे उन्हाळा कडक, म्हणून 'इंजिन थंड राहील' असं समजून काही जण ही झडप काढूनच टाकतात. आमच्या जीपचंही तेच झालं होतं. मेस्त्रींनी नवी झडप बसवली, कमी झालेलं पाणी भरलं, नळीत अडकलेली हवा काढली. आता उतारावरही हीटर ऊब देतो.

थंड देशांतले शेतकरी 'साइड बाय साइड' नावाची छोटी गाडी वापरतात. चालक आणि सोबती शेजारीशेजारी बसतात, म्हणून हे नाव. गाडी चहूबाजूंनी उघडी असते. हिवाळ्यात ते तिला दारं, काच आणि हीटर बसवतात. पाण्याच्या नळ्यांना जाड आवरण गुंडाळतात आणि पायांजवळच्या फटी बुजवतात. सूत्र एकच: ऊब निर्माण करण्याइतकंच ती राखणंही महत्त्वाचं.

तुम्हीही फटी शोधू शकता. उभ्या गाडीत, वारा असताना, लोकरीचा बारीक धागा दाराच्या कडेशी धरा. धागा हलला की समजा, इथून वारा शिरतो! तिथे रबराची पट्टी लावायला मोठ्यांना सांगा. मात्र सगळं हवाबंद करू नका. आपल्या श्वासातल्या वाफेने काचा धुरकटतात आणि चालकाला रस्ता दिसत नाही. ताज्या हवेसाठी थोडी वाट हवीच.

आणि हो, रेडिएटरसमोर पुठ्ठा किंवा गोणपाट बांधायची युक्ती स्वतःहून करू नका. घाट चढताना इंजिन भडकून तापेल. गरम रेडिएटरचं झाकणही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.

आता घरी एक प्रयोग. दोन सारखे पेले घ्या. आईबाबांकडून दोन्हींत सारखंच गरम पाणी ओतून घ्या. एकाला मफलर गुंडाळा, दुसरा उघडा ठेवा. दोन्हींवर झाकण ठेवा. अर्ध्या तासाने कोणतं पाणी जास्त गरम आहे? आणि का? उत्तर वहीत लिहा.

शेवटी एक गंमत. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅटच्या दिव्याएवढी उष्णता देतो. आम्ही जीपमध्ये नऊ जण होतो. म्हणजे किती वॅट? हीटर रुसला तरी चिकटून बसल्यावर बरं का वाटलं, ते आता तुम्हीच सांगा!