हाताचे पुनःशिक्षण

यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणारी बोटे पाहा. बोंडाशी ती किती चपळाईने उघडतात व मिटतात! परंतु मेंदूतील रक्तवाहिनी तुंबली अथवा फुटली, म्हणजे पक्षाघात होतो. लोक त्यास लकवा म्हणतात. मग तीच बोटे उघडेनाशी होतात. वस्तुतः दुखावलेला असतो तो हात नव्हे, त्याला आज्ञा देणारा मेंदूचा भाग. मेंदूचे इतर भाग ते काम काही अंशी शिकू शकतात; मात्र एकच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. पाढे घोकताना तुम्हांस येतो, तसाच रुग्णासही कंटाळा येतो.

यावर उपाय म्हणून वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज व मद्रासची आय.आय.टी. यांनी 'प्लूटो' हे यंत्र सिद्ध केले. त्यात मोटर एकच. निरनिराळे भाग जोडून मनगटाचे व मुठीचे व्यायाम करता येतात. रुग्ण मूठ उघडतो, तसा पडद्यावरील खेळ चालतो. बोटे अडल्यास यंत्र लागेल तेवढेच साहाय्य करते. सारे काम त्यानेच केले, तर मेंदू शिकायचाच नाही. रुग्ण सुधारू लागला, की तेही साहाय्य कमी होत जाते.