घोळीची चिनी ओळख

उत्तर चीनमध्ये उन्हाळा आला की शेताच्या बांधावर, विटांच्या फटींत, अंगणाच्या कडेला मांसल पानांची एक वनस्पती जमिनीलगत पसरते. तिचे नाव ‘मा-छ-श्येन’. पानांचा आकार घोड्याच्या दातांसारखा म्हणून हे नाव पडले. वाचकांनी तिला परकी समजू नये. आपल्या भाजीबाजारात घोळ म्हणून जुडीने विकली जाते तीच ही, आयुर्वेदातील लोणिका.

पान हिरवे, देठ तांबडा, फूल पिवळे, मूळ पांढरे आणि बी काळे, म्हणून चिनी लोक हिला पंचतत्त्वांची वनस्पतीही म्हणतात. ली शिचेन यांच्या १५९६ साली छापल्या गेलेल्या विख्यात वनौषधिग्रंथात तिची गणना भाज्यांतच आहे. वैद्यांच्या मते ती चवीला आंबट, प्रकृतीने शीत. उष्णता व विष उतरविणारी. म्हणून गळवे, विसर्प आणि विशेषतः पाणी सुटणारा इसब यांवर तिची योजना होते.

बीजिंगचे त्वचावैद्य चाओ पिंगनान (१८९९–१९८४) हिच्या ओल्या पट्ट्यांसाठी प्रसिद्ध होते. रीत साधी आहे. वाळविलेली वनस्पती पाण्यात उकळून, गाळून पूर्ण थंड करतात. स्वच्छ सुती कापडाच्या घड्या त्यात भिजवून, पाणी टपकणार नाही इतपत पिळून स्रवणाऱ्या जागेवर ठेवतात; कापड कोमट झाले की बदलतात. त्वचा कोरडी व जाड झाल्यावर मात्र हा उपचार करीत नाहीत. येथे एक शंका प्रामाणिकपणे मांडावीशी वाटते: थंड ओल्या कापडानेही स्रवणारी त्वचा शांत होते, तेव्हा सारे श्रेय घोळीचे नसावे.

पोटात घेण्याची बाब निराळी. चिनी औषधिसंहितेत वाळलेल्या घोळीची मात्रा ९ ते १५ ग्रॅम आहे. हिच्यात ऑक्झलेट पुष्कळ असल्याने मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी जपावे; गर्भवतींना वैद्यही ती देत नाहीत.

आपल्या घरांतून अधिक महत्त्वाचा प्रश्न तयार मिश्रणांचा. खाजेवरील ‘श्याव-फङ्-सान’ या १६१७ च्या ग्रंथातील प्रसिद्ध योगात सिकाडा या कीटकाची कात असते. कात कीटक स्वतः टाकतो, हे खरे. परंतु इतर योगांत विंचू, गांडूळ, सापही पडतात. वेष्टनावर केवळ ‘वनौषधी’ लिहिलेले पाहून समाधान मानू नये. घटकांची पूर्ण यादी मागावी. मलमांबाबत तर दुप्पट सावध राहावे. ब्रिटनमध्ये १९९९ साली त्वचारोगांवरील ११ चिनी वनौषधी मलमे तपासली, तेव्हा ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघाले. रुग्णांना त्याची कल्पना नव्हती, आणि काही मलमे लहान मुलांच्या चेहऱ्यावर लावली जात होती.

रानातून घोळ खुडणाऱ्यांनी देठ मोडून पाहावा. पांढरा चीक निघाला तर ती घोळ नव्हे, दुधीच्या जातीची वनस्पती होय, आणि तिच्या चिकाने त्वचेची आग होते.