चाक बसलं, पण नट बसला का?

स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर कायद्यानंच लागतात. म्हणून तिथली मराठी कुटुंबंही वर्षातून दोनदा गाडीची चाकं बदलतात, आणि दुसऱ्या चाकांचे नट वेगळे लागत असतील तर तेही चाकांसोबत जपून ठेवावे लागतात. ठाण्यात, वर्तकनगरला, बर्फाचा प्रश्न नाही. पण लोखंडी चाकं काढून अलॉय बसवणं इथं नित्याचं झालं आहे. त्या वेळी चौकशी होते ती डिझाइनची, इंचांची, किमतीची. नट मात्र जुनेच चढवले जातात, किंवा दुकानात हाताला लागतील ते. हे थांबायला हवं, कारण नट हा चाकाचाच भाग आहे.

नटाला दोन ठिकाणी जुळावं लागतं. त्याचे आटे गाडीच्या स्टडशी जुळले पाहिजेत आणि त्याची बैठक चाकाच्या भोकाशी. स्विफ्ट आणि आय-२० यांच्या चाकांची चार भोकं १०० मिलिमीटरच्या एकाच वर्तुळावर असतात, त्यामुळे एकीचं चाक दुसरीला लागतं. मात्र दोन्ही स्टड १२ मिलिमीटर जाडीचे असले तरी मारुतीच्या आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर आहे, ह्युंदाईचं १.५. चुकीचा नट हातानं एखादा फेरा फिरतो आणि अडकतो. तिथं एअर गन लावली की आटे गेलेच. बैठकीची चूक याहून वाईट, कारण ती दिसत नाही. होंडाच्या मूळ चाकांची बैठक गोलाकार असते, बाजारातल्या बहुतेक अलॉयची शंकूसारखी उतरती. गोल नट उतरत्या भोकात बसवला तर तो पूर्ण टेकत नाही, एका बारीक कडेवर दाबून राहतो.

यावर नेहमीचं उत्तर असतं, ‘नट घट्ट आहे, मग भीती कसली?’ पण गाडीचा भार स्टडच्या जाडीवर पेललेला नसतो. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, त्या ताणानं चाक हबवर दाबलं जातं आणि त्या दाबातून येणारं घर्षण चाकाला जागच्या जागी धरून ठेवतं. बारीक कडेवर टेकलेला नट भोकाचा काठ झिजवतो, ताण उतरतो, चाक सूक्ष्म हलू लागतं. मग प्रत्येक फेऱ्याला स्टड वाकतो आणि अखेर थकून तुटतो. घोडबंदर रस्त्यावरचे पावसाळी खड्डे हे काम लवकर उरकतात. वर्षभर काही झालं नाही, हा पुरावा म्हणूनच पुरेसा नाही. धातू थकताना आवाज करत नाही.

एअर गनवरचा विश्वासही तपासून पाहावा. ह्युंदाईच्या अनेक गाड्यांना १०७ ते १२७ न्यूटन-मीटर इतकाच जोर सांगितलेला असतो. गन बेसुमार चालली तर स्टड कायमचा लांबतो आणि त्याची पकड जाते. आट्यांना ग्रीस लावलं तर त्याच जोरात ताण कितीतरी वाढतो, म्हणून आटे स्वच्छ आणि कोरडे हवेत. नट आधी हातानं फिरवावेत, मग समोरासमोरचे आळीपाळीनं आवळावेत, शेवटचा जोर टॉर्क पान्यानं द्यावा आणि शंभरेक किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा तपासावा. यात वेळ जातो, ही टायरवाल्याची तक्रार खरी आहे. पण गिऱ्हाइकानं मागितलं नाही तर तो तो वेळ देणार तरी का?

राहिली स्टेपनी. चार अलॉय घेतले तरी डिकीत बहुधा लोखंडी चाकच असतं आणि अलॉयचे नट त्याला चालतीलच असं नाही. मूळ नटांपैकी एका चाकाला पुरतील एवढे पान्याबरोबर डिकीत ठेवावेत.