हिराबाग ते इंद्रप्रस्थ

१९८३ च्या विश्वचषक विजेत्या कपिल देवच्या संघासाठी लताबाई गायल्या, ही गोष्ट घरोघरी पाठ आहे. त्याआधी एकोणतीस वर्षं याच आवाजाने दादरा-नगर हवेलीच्या सशस्त्र लढ्यासाठी पैसा उभा केला, हे मात्र सांगावं लागतं. दमणगंगेकाठचा तो लढा हा माझा जुना नाद, आणि त्यात शिरलं की दरवेळी गाठ पडते ती संगीतकार सुधीर फडके ऊर्फ बाबूजींशी.

पोर्तुगीजांच्या ताब्यातून दादरा २२ जुलै १९५४ ला सुटलं, सिल्वासा २ ऑगस्टला. श्रेय गोमंतकीयांच्या संयुक्त आघाडीचं, आझाद गोमंतक दलाचं की संघ स्वयंसेवकांचं, हा वाद ज्याचा त्याला लखलाभ. मला कुतूहल आहे ते खर्चाचं. दिल्ली फौज धाडणार नव्हती. बंदुका घ्यायच्या तर पैसा हवा आणि तो मागायचा कुणाकडे? बाबूजींनी चोविशीतल्या लताबाईंना गळ घातली, पुण्यात हिराबागेत कार्यक्रम झाला आणि लोकांनी तिकिटं काढून गाणी ऐकली. गाण्याच्या पैशातून हत्यारं, हे आज कानाला जरा खटकतं. त्या पिढीला खटकलं नाही. बाबूजी तर पैसे जमवून थांबले नाहीत. ऐन पावसाळ्यात, नुकती पस्तिशी गाठलेला हा संगीतकार सिल्वासाच्या मोहिमेत स्वतः उतरला. आणि पुढच्या १ एप्रिलला, जेमतेम आठ महिन्यांनी, पुणे आकाशवाणीवर त्यांचं ‘गीतरामायण’ सुरू झालं! ते ऐकताना मला तरी हा मधला काळ विसरता येत नाही.

१९८३ मध्ये अडचण क्रिकेट मंडळाची होती. विश्वचषक आला, पण बक्षीस द्यायला तिजोरीत पैसा नव्हता. अध्यक्ष होते आपल्या नागपूरचे एन. के. पी. साळवे; लताबाईंना विचारलं ते राजसिंह डुंगरपूर यांनी. दिल्लीच्या इंद्रप्रस्थ स्टेडियमवर कार्यक्रम झाला. त्यांचे भाऊ हृदयनाथ यांनी खास गाणं बांधलं, खेळाडूही मंचावर येऊन सुरात सूर मिसळून गेले. मानधन न घेता लताबाईंनी जवळपास वीस लाख उभे केले. प्रत्येक खेळाडूला एक लाख मिळाला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. २०२४ च्या टी-ट्वेंटी विजेत्यांना त्याच मंडळाने १२५ कोटी जाहीर केले. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. गायक आजही मैदानात येतात, उद्घाटनाला चार गाणी म्हणतात आणि मानधन घेऊन जातात. खेळाडूंच्या हाती पैसा आला याचं मला वाईट वाटत नाही; तो त्यांच्या हक्काचाच होता. बदललं ते श्रोत्याचं स्थान. हिराबागेत आणि इंद्रप्रस्थमध्ये तिकीट काढणारा माणूस त्या कामाचा भागीदार होता. आज जाहिरातदाराला विकला जाणारा माल तोच आहे.