खवळलेले पाणी आणि चिमुकली नौका

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, माळव्याच्या पठारावर राहणाऱ्या इंदूरकरांपुढे वादळी पाण्यात नौका कशी हाकावी याचे विवेचन करणे, हे कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु श्रोतेहो, आपण समुद्राकडे गेलो नाही तरी विस्तीर्ण पाणी मात्र आपल्या जवळ येऊन ठेपले आहे. खंडवा जिल्ह्यात पुनासा येथे नर्मदेवर इंदिरासागर धरण उभे राहिले आणि ते पूर्ण भरले म्हणजे नऊशे चौरस किलोमीटरांहून अधिक भूमी पाण्याखाली जाते. त्याच्या काठी हनुवंतिया येथे २०१६ साली पहिला जलमहोत्सव भरला. सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह मोटारबोटीत बसणे ही आता इंदूरच्या कुटुंबांना नवलाची गोष्ट राहिलेली नाही. म्हणून हा विषय केवळ नावाड्याचा नव्हे, तो आपलाही आहे.

ज्या छोट्या, वेगवान नौकेविषयी मी बोलणार आहे ती पाण्यावरील स्कीइंगसाठी घडविलेली असते. १९२२ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राल्फ सॅम्युएल्सन या तरुणाने पायांना लाकडी फळ्या बांधून, नौकेमागे पाण्यावरून घसरत जाण्याचा हा खेळ करून दाखविला. पुढे त्यासाठी खास नौका होऊ लागल्या. मागे उठणारी लाट लहान राहावी म्हणून त्यांचा तळ बराचसा सपाट ठेवतात आणि काठ बुटके असतात. सहलीच्या लहान मोटारबोटींची प्रकृतीही फारशी निराळी नसते. शांत पाण्यात जे या नौकेचे गुण, तेच वारा सुटला की तिचे दोष ठरतात. सपाट तळ लाट कापीत नाही, तिच्यावर आपटतो. आणि बुटक्या काठावरून पाणी सहज आत शिरते.

आता लाटेचे स्वरूप पाहू. महेश्वरजवळ सहस्रधारा येथे नर्मदा खडकांतून फुटून धावते. तेथे २०२३ च्या फेब्रुवारीत ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धांतील खळाळत्या पाण्यातील नौकास्पर्धा झाल्या. त्या ठिकाणी पाणी धावते आणि लाट मात्र खडकापाशी जागच्या जागी उभी असते. जलाशयात नेमके याच्या उलट घडते. तेथे लाट धावते आणि पाणी जवळजवळ जागीच वरखाली होते. वारा जितका जोराचा, जितका वेळ वाहणारा आणि जितक्या लांब उघड्या पाण्यावरून येणारा, तितकी लाट मोठी. समुद्राच्या मानाने जलाशयाची लांबी थोडी. त्यामुळे येथील लाटा उंचीने लहान, पण उभ्या आणि एकीच्या पाठीला दुसरी लागून येणाऱ्या असतात. मोठ्या जहाजास त्यांचे काही वाटणार नाही. पाच-सहा मीटरांच्या नौकेस मात्र पहिल्या लाटेवरून उतरताना सावरण्यास अवधी मिळत नाही, तोच दुसरी समोर उभी राहते. धरणाच्या भिंतीजवळ तर आपटून परतणाऱ्या लाटा येणाऱ्या लाटांत मिसळतात आणि पाणी कोणत्या बाजूने उसळेल याचा नेम राहत नाही.

अशा वेळी चालकास पहिला मोह होतो तो वेग वाढवून लवकर काठ गाठण्याचा. दुसरा मोह, भीतीने यंत्र एकदम मंद करण्याचा. हे दोन्ही घातक आहेत. भरधाव नौका लाटेच्या माथ्यावरून उडते आणि नाळ, म्हणजे तिचे पुढचे टोक, पुढील लाटेत खुपसते. उलट वेग एकाएकी तोडला तर उचललेली नाळ खाली पडते, आणि नौकेनेच मागे उठविलेली लाट पाठीमागून येऊन आत कोसळते. खरा मार्ग या दोहोंच्या मध्ये आहे. नाळ किंचित वर राहील आणि सुकाणू ऐकेल, इतकाच वेग ठेवावा. चढताना थोडे बळ द्यावे, माथ्याच्या अलीकडे ते हलकेच कमी करावे. लाट अगदी समोरून न घेता नाळेच्या एका अंगाने, तिरपी घ्यावी. म्हणजे आपटणे कमी होते. कुशीवर मात्र ती कधीही घेऊ नये. काठ आडव्या दिशेस असेल तर सरळ न जाता नागमोडी जावे. वळावयाचे असल्यास दोन मोठ्या लाटांमधील जरा सौम्य क्षण हेरून, एकदाच, निश्चयाने वळावे.

पाठीमागून येणाऱ्या लाटा तर अधिक फसव्या. त्यांच्यासोबत धावणे सुखाचे वाटते. परंतु पुढील लाटेचा माथा ओलांडून नौका तिच्या उतारावरून घसरू लागली, की नाळ पाण्यात रुतते, मागची बाजू फिरते आणि नौका आडवी पडते. म्हणून पुढच्या लाटेच्या पाठीवरच राहावे, तिला मागे टाकण्याची ईर्षा करू नये.

नौकेतील माणसे आणि नौकेत शिरलेले पाणी, ही दोन्ही ओझीच. चार मीटर लांब आणि दीड मीटर रुंद तळावर वीतभरदेखील नव्हे, अवघे दहा सेंटिमीटर पाणी साचले, तरी त्याचे वजन सहाशे किलो होते. शिवाय हे ओझे स्थिर राहत नाही. नौका ज्या बाजूस कलते त्याच बाजूस ते धावते आणि तिला आणखी कलविते. म्हणून पाणी उपसण्याचे काम पहिल्या ओंजळीपासूनच सुरू झाले पाहिजे. नाळेवर बसलेल्यांना आत बोलवावे. सर्वांनी खाली, मध्याच्या आसपास, दोन्ही बाजूंस सारखे बसावे. उंचावरील भार शांत पाण्यातही घात करतो. १३ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे भोपाळच्या खटलापुरा घाटाजवळ गणपतीची मोठी मूर्ती विसर्जनास नेताना नौका उलटून अकरा जण बुडाले, हे आपण विसरता कामा नये.

यंत्र बंद पडले तर नौका आपोआप लाटांना आडवी होते. अशा वेळी नांगर नाळेकडून टाकावा, मागच्या बाजूने कधीही नाही. तेथे यंत्राच्या भाराने काठ आधीच खाली असतो. पाणी खोल असल्यास लांब दोरीला बांधलेली बादली नाळेकडून पाण्यात सोडावी. तिच्या ओढीने नौकेचे तोंड लाटांकडे राहते. आणि नौका उलटलीच, तर किनारा जवळ भासला तरी तिला धरून राहावे. पालथी नौका बहुधा तरंगते आणि शोधणाऱ्यांना पोहणाऱ्या माणसापेक्षा लवकर दिसते.

परंतु हे सर्व शास्त्र वेळ आल्यानंतरचे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली एक नौका वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. एक गृहस्थ पोहून काठास लागले. तो प्रवास खेळाचा नव्हता, नित्याच्या ये-जा करण्याचा होता. ज्या पाण्यावर लोक रोज जातात ते पाणीही वैशाखातील एका वावटळीत निराळे होते, एवढे त्यातून उमगावे. आपल्याकडेही मे-जूनमध्ये दुपारनंतर ढग चढतात आणि घटकाभरात वारा फिरतो. पाण्यावर तुरळक पांढरे तुरे दिसू लागले, की वारा साधारणतः ताशी बारा ते वीस किलोमीटर झाला असे समजावे. लहान नौकेने परतावयाची वेळ तीच. ते तुरे दाट झाल्यावर परतणे म्हणजे उशीर झाला.

म्हणून नौकेत पाय ठेवण्यापूर्वी दोन-चार प्रश्न अवश्य विचारावेत. जीवरक्षक जाकीट प्रत्येकास, मुलासही त्याच्या मापाचे आहे काय? ते बसण्याखाली ठेवलेले नसून अंगावर बांधलेले आहे काय? चालक पडल्यास यंत्र बंद करणारी दोरी त्याच्या अंगाशी जोडली आहे काय? किती माणसांची नौका आणि किती बसली आहेत? यांतील एकाही प्रश्नास टाळाटाळीचे उत्तर मिळाले, अथवा आभाळ काळवंडलेले दिसले, तर तिकिटाच्या पैशांवर पाणी सोडावे. मुले हिरमुसतील, सोबती हसतील, तेवढे सोसावे. कुशल नावाड्याची परीक्षा लाटांत होते हे खरे. परंतु सुज्ञ माणसाचा निर्णय त्याच्या कितीतरी आधी, काठावरच झालेला असतो.