उन्हाला पुरून उरणारी गुरं

दक्षिण टेक्सासच्या दमट उन्हाळ्यात ब्रिटिश वंशाची शॉर्टहॉर्न गुरं धापा टाकत आणि चरणं सोडून देत. उपाय भारतीय रक्तात सापडला. गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णा खोऱ्यातल्या गुरांपासून अमेरिकेत ब्राह्मन ही जात घडली. वशिंड आधी नजरेत भरतं, पण खरं काम कातडीचं: सैल, आखूड तुळतुळीत केसांची, भरपूर घाम सोडणारी. शरीरात उष्णताही कमी तयार होते आणि गोचिडांचा त्रासही कमी होतो.

उणी बाजूही आहे. ब्राह्मन कालवडी उशिरा माजावर येतात, मांस तुलनेनं चिवट असतं. म्हणून टेक्सासमधल्या किंग रँच या गुरांच्या फार्मनं ब्राह्मन आणि शॉर्टहॉर्नचा संकर केला. १९२० साली जन्मलेल्या ‘मंकी’ या वळूपासून सांता गर्ट्रुडिस जात उभी राहिली (साधारण ३/८ ब्राह्मन, ५/८ शॉर्टहॉर्न); १९४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं तिला मान्यता दिली.

उष्ण भागात कळप उभा करताना वळूच्या वजनावर भाळू नका. भर उन्हात चरणारी आणि दरवर्षी वासरू देणारी गाय आधी निवडा.